पाडव्याला मिळालेला फोन

प्रश्न : गेले आठ महिने मी मुलीसह मुलुंडला माहेरी राहते आणि तेथूनच लोअर परळच्या कार्यालयात जाते-येते. घटस्फोटाचे अद्याप नुसते बोलणे चालू आहे. मध्यंतरी दादरला उतरून एका वकिलांना भेटले, तर त्याच रात्री यजमानांनी "दादरला काय काम काढले होते?" असे विचारले. बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलेले एक वाक्यही त्यांनी मला जसेच्या तसे ऐकवले. हा फोन त्यांनीच गेल्या दिवाळीत पाडव्याला ओवाळणीत दिला होता आणि सुरूही त्यांनीच करून दिला होता. त्यात पेगॅससासारखे काही असेल का? दुकानातून फॉरमॅट करून घेऊ का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : फॉरमॅट तूर्त करू नका. दुकानदार पाच मिनिटांत करून देईल, पण त्याबरोबर पुरावाही पुसला जाईल.

पेगॅससची धास्ती बाळगण्याचे कारण दिसत नाही. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे ते हेरगिरीचे सॉफ्टवेअर केवळ सरकारी यंत्रणांना विकले जाते, असे ती कंपनी सांगते. २०१९ साली व्हॉट्सॲप कॉलमधल्या त्रुटीतून ते सुमारे १,४०० जणांच्या फोनवर सोडले गेले, तेव्हा समोरच्याने कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. घरगुती पाळतीला एवढा खटाटोप लागत नाही. फोन थोडा वेळ हाती आणि पासवर्ड ठाऊक असला की पुरते, आणि तुमचा फोन तर सुरूच त्यांच्या हातून झाला आहे.

म्हणून आधी साध्या जागा पाहा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये (खाते आणखी कोठे जोडले आहे त्या यादीत) अनोळखी संगणक दिसला, तर बहिणीला लिहिलेल्या वाक्याचा उलगडा तेथेच होईल. गूगल खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे आणि गूगल मॅप्समधून तुमचे ठिकाण कोणाला दिसते, हे पाहिल्यावर दादरचेही कोडे सुटू शकेल. याउपर अँड्रॉइड फोनमध्ये छुपे ॲप असल्यास ते बहुधा 'सिस्टीम सर्व्हिस' अशा निरुपद्रवी नावाने बसलेले असते; तेव्हा फोनच्या सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी (पडद्यावरचे वाचण्याची मुभा), नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी आणि डिव्हाइस ॲडमिन (फोनवर ताबा ठेवण्याची मुभा) या तीन याद्यांत अनोळखी नाव शोधा. घातक ॲप शोधणारी गूगलची 'प्ले प्रोटेक्ट' ही सोय तुम्ही बंद केलेली नसताना बंद आढळली, तर संशयाला चांगलाच आधार मिळतो. बॅटरी लवकर उतरणे ही मात्र खूण मानू नये. ती कोणाचीही उतरते.

जे सापडेल ते फक्त पाहा, लगेच तोडू नका. जोडणी तुटताच पलीकडच्याला सुगावा लागतो, आणि अशा वेळी काही माणसे चिडून अंगावर येतात. पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने, तारीख दिसेल असे काढा. त्याच फोनवर घेतलेला स्क्रीनशॉट पाळत ठेवणाऱ्यालाही दिसू शकतो. वकिलांशी पुढचे बोलणेही तूर्त त्या दुसऱ्या फोनवरूनच करा.

वकिलांच्या सल्ल्याने पुरावा जपल्यावर, सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, खात्याला जोडलेला यजमानांचा नंबर काढावा आणि मगच फोन रीसेट करावा. जुना बॅकअप त्यात पुन्हा भरू नये. सिमकार्ड यजमानांच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावाचे घ्या, कारण त्याचे डुप्लिकेट ते काढू शकतील आणि तुमचे ओटीपी त्यांच्याकडे जातील. बहुतेकांची नजर नेमकी येथेच चुकते.

कायद्याचे म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली, मालकाच्या परवानगीवाचून अप्रामाणिक हेतूने त्याच्या उपकरणात शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्यात पतीला वेगळी सूट लिहिलेली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितलेच आहे. पती-पत्नींमधील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, असे त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले, याचा यजमानांच्या बाजूने दाखला दिला जाईल. परंतु पुरावा ग्राह्य ठरणे वेगळे आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये सॉफ्टवेअर पेरण्याची मुभा मिळणे वेगळे.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा लागतो, एवढे लक्षात ठेवा. मुलीच्या हाती जुना टॅब असेल आणि तो यजमानांच्या खात्यावर चालत असेल, तर तोही याच रीतीने तपासून घ्या.