ट्रॅम्पोलिन मांडण्याआधी शेजाऱ्यांची खिडकी बघा

ईस्टरची सुट्टी जवळ आली की इंग्लंडमधल्या मराठी घरांत मोठाले खोके यायला लागतात. दहा फुटी ट्रॅम्पोलिन, लाकडी झोपाळा, घसरगुंडी जोडलेला टॉवर. शनिवारी सकाळी बाबा पाने-पकडी घेऊन बसतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरं दिसतील अशी जागा आई दाखवते आणि संध्याकाळपर्यंत उड्या सुरू होतात. कुंपणापलीकडून ते कसं दिसेल आणि कसं ऐकू येईल, हे बघायचं तेवढं राहून जातं. बागेतल्या खेळण्यांवरून शेजाऱ्यांशी होणाऱ्या बहुतेक कटकटींचं मूळ या जागा ठरवण्यातच असतं. एकदा सांगाडा बोल्टांनी आवळला की तो हलवणं जिवावर येतं, म्हणून जे काही बघायचं ते खोका उघडण्याआधी बघा.

आधी नजरेचा हिशेब करू. इंग्लंडमध्ये मागच्या बागेचं लाकडी कुंपण साधारण सहा फूट, म्हणजे १८० सेंटीमीटर असतं. दहा फुटी ट्रॅम्पोलिनची उडी मारायची चादर जमिनीपासून ७५ ते ८० सेंटीमीटरवर असते. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे त्याच्या पावलांपासून १०५ सेंटीमीटरवर धरा आणि उडी ४० सेंटीमीटरची. बेरीज होते सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे प्रत्येक उडीला तुमचं मूल कुंपणाच्या दीड फूट वरून पलीकडे बघतं. तिकडे कुणी उन्हात पडलेलं असतं, कुणी जेवत असतं. मुलाच्या मनात काही नसतं, पण दर दोन सेकंदांनी वर येणारं डोकं बघून पलीकडचा माणूस खुर्ची उचलून आत जातो आणि पुढच्या रविवारी बाहेर बसतच नाही. शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त खुपतं ते हे, गोंगाटाचा नंबर त्याच्यानंतर.

तेव्हा जागा ठरवताना बागेत उभं राहून शेजारच्या तीन गोष्टी शोधा: त्यांची बसायची फरशी, स्वयंपाकघराची खिडकी आणि मागची बेडरूम. खेळणं या तिन्हींपासून लांब, शक्यतो त्यांच्या शेडच्या किंवा झाडाच्या आडोशाला येईल असं बघा. झोपाळ्याची दिशा कुंपणाला समांतर ठेवा. आडवा लावला तर मूल पुढे जाताना थेट शेजारच्या बागेत पाय फेकल्यासारखं दिसतं, आणि पायातून सुटलेला बूटही तिकडेच जातो.

अंतराचे आकडेही ठरलेले आहेत. घरगुती झोपाळे आणि घसरगुंड्यांसोबत येणाऱ्या पुस्तिकेत कुंपण, भिंत, फांद्या, कपडे वाळवायची दोरी या सगळ्यांपासून किमान २ मीटर मोकळी जागा सांगितलेली असते. ट्रॅम्पोलिनसाठी अपघात टाळण्याचं काम करणारी ‘रोस्पा’ ही ब्रिटिश संस्था चहूबाजूंनी २.५ मीटर सांगते. आता टेप घेऊन बाग मोजा. ओळीतल्या घरांच्या बागा पुष्कळदा पाच-सहा मीटरच रुंद असतात. दहा फुटी ट्रॅम्पोलिन म्हणजे ३.०५ मीटर, त्यात दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच मीटर मिळवले तर आठ मीटर रुंदी लागते. ती नसेल तर ट्रॅम्पोलिनचा हट्ट सोडा. बुटकी घसरगुंडी, वाळूचा हौद, चिखलाची भातुकली यांत लहान मुलं तासन्‌तास रमतात आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवर काही येत नाही. ट्रॅम्पोलिन खड्ड्यात बसवलं की नजरेचा प्रश्न मिटतो हे खरं, पण लंडनच्या आसपासच्या चिकणमातीत त्या खड्ड्यात पाणी साचून राहतं. निचऱ्याची सोय केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

लाकडी टॉवरबद्दल जरा सविस्तर, कारण इथे कायदा आड येतो आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो. घराच्या बागेत परवानगीवाचून जी छोटी बांधकामं करता येतात, त्यांच्या इंग्लंडमधल्या नियमांत दोन आकडे लक्षात ठेवायचे. हद्दीपासून २ मीटरच्या आत असलेल्या बांधकामाची उंची २.५ मीटरहून जास्त नको, आणि जमिनीपासून ३० सेंटीमीटरहून उंच असलेला फलाट या सवलतीत बसत नाही. बाजारातल्या टॉवरचा फलाट सव्वा ते दीड मीटरवर असतो, वर छप्पर धरून एकूण उंची सहज तीन मीटरच्या घरात जाते. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं आपणहून बागा मोजत फिरत नाहीत. शेजाऱ्याने तक्रार केली की मात्र अधिकारी येतो, आणि मग कुंपणाला चिकटवलेला, पलीकडच्या बेडरूमकडे तोंड केलेला टॉवर वाचवणं कठीण होतं. टॉवर घ्यायचाच असेल तर कमी उंचीच्या फलाटाचा घ्या, हद्दीपासून दोन मीटर आत बसवा, चढायची शिडी आणि उघडी बाजू आपल्या घराकडे करा, शेजारच्या बाजूला फळ्या ठोकून ती बंद करा आणि विकत घेण्याआधी काउन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला विचारा. फ्लॅटला ही सवलत मुळातच लागू नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी हवी, आणि नव्या वसाहतीत घर घेतलं असेल तर खरेदीच्या कागदांतल्या अटी एकदा वाचून काढा.

कुंपणाबद्दल एक गैरसमज सगळीकडे पसरलेला आहे: डावीकडचं कुंपण आपलं, उजवीकडचं त्यांचं. असा काही नियम नाही. काही जुन्या नकाशांवर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असते, ती ज्याच्या बाजूला तो त्या कुंपणाचा धनी. कित्येक कागदांत काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे कुंपण आपलंच आहे याची खात्री नसेल तर त्याला बास्केटबॉलची रिंग, दोरीची शिडी, दिव्यांची माळ, काहीही अडकवू नका. भारतात बोगनवेल चढवायच्या सवयीने आपण खिळा ठोकून मोकळे होतो आणि इथे त्यावरून वर्षभराचा अबोला धरला जातो.

आवाजाचं म्हणाल तर मुलांच्या हसण्या-ओरडण्यापेक्षा यंत्रासारखा एकसुरी आवाज माणसाला जास्त पिडतो. ट्रॅम्पोलिन कुरकुरतं ते स्प्रिंगचा आकडा सांगाड्याच्या भोकात घासतो म्हणून. वसंतात एकदा स्प्रिंगवरची गादी उचलून प्रत्येक आकड्याच्या टोकाला लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. दहा फुटीला पन्नास-साठ स्प्रिंग असतात, अर्ध्या तासाचं काम. ग्रीस लावूनही ठणठण येत असेल तर पायांच्या जोडाचे बोल्ट ढिले झालेत. झोपाळा करकरतो तिथे वरच्या कडीची खोबण कोरडी पडलेली असते, आणि झोक्याबरोबर ‘धप्प’ असा आवाज येत असेल तर सांगाड्याचा पाय जमिनीतून उचलला जातोय. तो आवाजापुरता प्रश्न नाही, त्या पायाला लगेच खुंटी हवी.

चेंडूचा त्रास वेगळा. लाकडी कुंपणावर आपटलेला फुटबॉल ढोलासारखा घुमतो आणि पट्ट्याही उखडतो. गोल कुंपणापासून मीटरभर पुढे ओढा आणि मागे जाळी टांगा, म्हणजे चेंडू जाळीत मरतो. बास्केटबॉलची रिंग जोडघराच्या सामाईक भिंतीवर कधीही लावू नका, प्रत्येक ठोका विटांतून पलीकडच्या दिवाणखान्यात जातो. आणि क्रिकेट. आपल्या घरात ते असणारच. बागेत हलका प्लॅस्टिकचा किंवा स्पंजचा चेंडू वापरा, फलंदाजाचं तोंड आपल्या घराकडे करा आणि ‘कुंपणापलीकडे गेला की आउट’ हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. तरी चेंडू जाणारच. तो आणायला कुंपणावरून चढून जायचं नाही, पुढच्या दाराने जाऊन बेल वाजवायची. एका दिवसात दुसऱ्यांदा गेला तर तो उद्या आणायचा. हे मुलाला सांगून भागत नाही, पहिल्या दोन-तीन वेळा सोबत जाऊन दाखवावं लागतं.

वेळेच्या बाबतीत आपलं आणि इथल्या लोकांचं घड्याळ जुळत नाही, हे मोकळेपणाने मान्य केलेलं बरं. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. आपली मुलं जेवून साडेनऊ-दहाला झोपतात, म्हणून साडेसातला बाहेर सोडली तर आपल्याला वावगं वाटत नाही. इथल्या पुष्कळ घरांत मात्र पाच-सहा वर्षांची मुलं संध्याकाळी सात-साडेसातला अंथरुणात असतात, तेही मागच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. शेजारी लहान मूल असेल तर सातनंतर ट्रॅम्पोलिन बंद ठेवा, झोपाळा-वाळू चालू द्या. शनिवार-रविवारी सकाळी दहाच्या आधी उड्या नकोत. शेजारची बाई नर्स असेल आणि रात्रपाळी करत असेल तर तिच्या झोपेचे दिवस विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आवाजाची तक्रार काउन्सिलकडे करता येते, आणि मुलांचं नेहमीचं खेळणं त्यात सहसा उपद्रव म्हणून धरलं जात नाही. पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. घर विकताना भरायच्या माहिती-फॉर्ममध्ये शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी लिहाव्या लागतात, हे ध्यानात असू द्या.

म्हणूनच आधी जाऊन बोला. खोका दारात आला की दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घरी जा. “मुलांसाठी ट्रॅम्पोलिन घेतलंय, या कोपऱ्यात लावायचा विचार आहे, तुम्हाला अडचण होईल का? संध्याकाळी सातला बंद करू,” इतकंच. जमलं तर त्यांच्या बागेत उभं राहून जागा बघू का, असं विचारा. आपल्याकडे वाड्यात, चाळीत शेजारीण गॅलरीतूनच ओरडायची, “अगं, पोरांना आवर!” आणि विषय तिथेच संपायचा. इथे तसं कुणी ओरडत नाही. “मुलं अगदी मजेत दिसतात हं हल्ली!” असं हसून म्हटलं जातं आणि आपण खूश होऊन घरी येतो. ते कौतुक नसून विनंती असू शकते. असं वाक्य महिन्यात दोनदा ऐकलं तर सरळ विचारा, “आवाज फार होतो का? कुठली वेळ टाळू?” विचारलं की माणूस मोकळा होतो. न विचारता राहिलात तर तिसऱ्या खेपेला पत्र येतं.

भारतातून आलेले आजी-आजोबा दुपारी मुलांसोबत असतात. त्यांनाही वेळा, चेंडूचा नियम आणि शेजाऱ्यांची नावं नीट सांगून ठेवा. नाहीतर ते बिचारे कौतुकाने शेजारच्या पोरांनाही आत बोलावतात आणि तिथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

शेजारची मुलं तुमच्या बागेत खेळायला येणं ही चांगलीच गोष्ट, पण पहिल्या उडीआधी त्यांच्या आई-वडिलांची परवानगी हवी, पोराच्या तोंडची नव्हे. १९५७च्या ‘ऑक्युपायर्स लायबिलिटी’ कायद्यानुसार आपल्या आवारात आलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणं तुमच्यावर असतं, आणि मुलं मोठ्यांपेक्षा कमी सांभाळून वागणार हे गृहीत धरावं लागतं. २००८ साली अपील न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. वाढदिवसाला भाड्याने आणलेल्या हवेच्या किल्ल्यावर पंधरा वर्षांच्या मुलाने कोलांटी मारली आणि त्याची टाच लागून अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला गंभीर इजा झाली. डोळ्यांत तेल घालून सतत पहारा देणं कायद्याला अपेक्षित नाही, असं म्हणून न्यायालयाने यजमान आईला जबाबदार धरलं नाही. निकाल तिच्या बाजूने लागला, पण त्या मुलाचं जे झालं ते झालंच. लहान-मोठ्या अंगाची मुलं एकत्र उडाली की मार लहानाला बसतो. रोस्पा सांगते की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे ७५ टक्के दुखापती एकापेक्षा जास्त जण उडत असताना होतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना ते योग्य नाही. एका वेळी एकच मूल, बाकीचे बाहेर बसून वीस उड्या मोजतील. खेळ संपला की शिडी काढून घरात ठेवा, जाळीची चेन लावा आणि बाजूच्या फाटकाला कडी घाला. घराच्या विम्यात पाहुण्याच्या दुखापतीची जबाबदारी धरली आहे का, तेही बघून ठेवा.

खेळून दमलेल्या मुलांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की ठेवायची आपली सवय मात्र आवरा. शेंगदाणे आणि काजूची अॅलर्जी जिवावर बेतू शकते. आधी पालकांना विचारायचं, तोपर्यंत कलिंगडाच्या फोडी द्या. दुसऱ्यांच्या मुलांचे उड्या मारतानाचे फोटोही विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

राहिला वारा. ब्रिटिश हवामान खात्याची वादळांना नावं देण्याची यादी सप्टेंबरपासून नव्याने सुरू होते, आणि तेच ट्रॅम्पोलिन जमिनीला बांधून ठेवायचं वेळापत्रक धरा. २०२०च्या फेब्रुवारीत सिआरा वादळात दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये एक ट्रॅम्पोलिन उडून रेल्वेच्या रुळांवर जाऊन पडलं होतं. कडेची जाळी शिडासारखी वारा धरते. म्हणून प्रत्येक पायाला स्क्रूसारखी जमिनीत फिरवायची खुंटी लावा. सोबत मिळणाऱ्या गुळगुळीत वाकड्या खुंट्या पावसाने भिजलेल्या मातीतून सुटतात. पट्टा पायाभोवतीच नाही, तर वरच्या गोल नळीवरून घेऊन आवळा. वादळाचा इशारा आला की कडेची जाळी उतरवा, आणि तो अंबर किंवा रेड, म्हणजे वरच्या दोन पातळ्यांचा, असेल तर उडी मारायची चादरही स्प्रिंग सोडवून काढा. वारा मोकळ्या कड्यातून निघून जातो.

एवढं करूनही ते शेजारी जाऊन पडलंच, तर विमा कंपनीचं बोलणं नंतर. पडझडीचं नुकसान सहसा ज्याचं त्याचा विमा भरून देतो, पण तुम्ही ते बांधलंच नव्हतं असं दिसलं तर भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. सकाळी आधी दार वाजवा, कुणाला लागलं नाही ना ते विचारा, हलवण्याआधी दोघांच्याही मोबाइलवर फोटो काढा. मग हातमोजे आणि पाना घेऊन त्यांच्याच बागेत ते सुटं करा आणि तुकडे बाजूच्या फाटकातून न्या, कुंपणावरून फेकू नका. गवतात पडलेल्या स्प्रिंग मोजून उचला. एखादी राहिली तर त्यांच्या गवत कापायच्या यंत्राचं पातं तुटतं.