गांधी जयंतीच्या आदल्या दिवशीचा फोन

"ताई, माझे सासरे नौदलातून निवृत्त झाले. गोव्याला आयएल-38 या गस्तीच्या विमानावर रेडिओ ऑपरेटर होते. येत्या जानेवारीत त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. मी खपून त्यांचे चाळीसेक जुने सहकारी शोधून काढले, हॉल बुक केला, पत्रिकेवर विमानाचा फोटो टाकला. पत्रिका दाखवली तर म्हणाले, 'हे माझं विमान नाही,' आणि खोलीचं दार लावून घेतलं. आता विषय काढला की उठून जातात. सासूबाई होत्या तेव्हा असे नव्हते. त्या गमतीने म्हणायच्या, 'ह्यांची नोकरी काय, तर विमानातून आम्ही बरे आहोत, बरे आहोत असं कळवत राहायचं.' दोन वर्षांपूर्वी आम्ही नौपाड्यातली जागा सोडून घोडबंदर रोडला मोठ्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हापासून गप्पगप्पच आहेत. इथे त्यांना स्वतंत्र खोली आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत, दिवसभराची बाई आहे. जुनी लँडलाइन तेवढी आणली नाही. ते एकदा 'राहू दे की' म्हणाले होते, पण तिच्यावर फालतू कॉलच यायचे. गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी एका हिंदी बोलणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा यायचा, तो सोडला तर ओळखीचा एकही नाही. एवढं करून त्यांना कशाचं कौतुक नाही. कार्यक्रमाला त्यांना कसं तयार करू?
— एक सून, ठाणे"

सूनबाई,

कौतुकाचं नंतर बघू. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या लँडलाइनच्या वाक्यातल्या स्वल्पविरामापाशी अडकले. तू सहज लिहून पुढे गेलीस. मला काही पुढे जाता येईना.

गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी म्हणजे 1 ऑक्टोबर. माझे यजमान बँकेत होते, त्यामुळे आमची बरीच वर्षं गोव्यात, वास्कोला गेली. आमच्या गच्चीवरून दाबोळीच्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसायची. वाळवण घालता घालता मला ती आवाजावरून ओळखता यायला लागली होती, म्हणून हे सांगू शकते. तुझ्या सासऱ्यांची आयएल-38 ची तुकडी तिथे उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1977 ला. आणि बरोबर पंचवीस वर्षांनी, 1 ऑक्टोबर 2002 ला, तिच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी याच तुकडीची दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून बारा जण गेले, खाली जमिनीवरचीही माणसं गेली. आम्ही तेव्हा वास्कोतच होतो. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

त्या तारखेला दरवर्षी एक माणूस तुमच्या घरी फोन करायचा. आणि तू त्याला फालतू कॉलांच्या रांगेत, जेमतेम एक पायरी वर, बसवलंस.

सासूबाईंना मात्र नवऱ्याची नोकरी नेमकी कळली होती. गस्तीचं विमान तासन्‌तास समुद्रावर असतं. खाली पाणी आणि पाणीच. जहाजं बघायची, पाणबुडीची चाहूल लागावी म्हणून सोनोबॉय टाकायचे. हा सोनोबॉय पाण्यावर तरंगतो, खाली कान सोडतो आणि ऐकलेलं वर विमानाला पाठवतो. या सगळ्यात रेडिओवाल्याचं एक काम ठरलेलं: दर थोड्या वेळाने किनाऱ्याला कळवायचं, आम्ही इथे आहोत, सगळं ठीक आहे. तो निरोप वेळेवर आला तर कुणी आभार मानत नाही. नाही आला, की किनाऱ्यावरची माणसं खुर्चीतून उठतात.

या लोकांचं नावही फारसं होत नाही. 1988 च्या नोव्हेंबरात मालदीवमधून बंडखोर ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' जहाजावरून पळाले. एवढ्या समुद्रात ते जहाज शोधून नजरेखाली ठेवलं ते नौदलाच्या गस्ती विमानांनी. अडवलं 'गोदावरी' आणि 'बेटवा' या युद्धनौकांनी, आणि लोकांच्या लक्षात राहिल्या त्या नौका. तुझे सासरे त्या वेळी हवेत होते की घरी, कुणी विचारलंय का त्यांना?

आता तो फोन पुन्हा आठव. दोन मिनिटांचा असेल. "कैसे हो?" "ठीक हूँ. तुम?" "ठीक." खाली ठेवला. तुला वाटलं, ह्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. अगं, तेच तर बोलायचं होतं! दोन म्हातारे वर्षातून एकदा एकमेकांना कळवत होते की आम्ही अजून आहोत.

दोन वर्षं झाली घर बदलून. म्हणजे दोनदा 1 ऑक्टोबर येऊन गेला. पलीकडच्या माणसाने पंचवीसने सुरू होणारा तो ठाण्याचा नंबर फिरवला असेल आणि त्याला ऐकू आलं असेल की हा क्रमांक अस्तित्वात नाही. त्याने काय समजायचं? ज्याचं निम्मं आयुष्य असा निरोप चुकण्याच्या धास्तीत गेलं, तो काय समजला असेल हे तुला मी सांगायला नको.

आणि तुझे सासरे घोडबंदर रोडच्या खोलीत दांड्याला धरून बसलेत. सासूबाई गेल्याने ते गप्प झाले असं तू सुचवतेस, पण तारीख तूच दिली आहेस, गप्प झाले ते घर बदलल्यापासून. "राहू दे की" म्हणाले होते. एकदाच म्हणाले. ती पिढी दुसऱ्यांदा म्हणत नाही, त्यातून मुला-सुनेच्या घरात तर नाहीच.

पत्रिकेचंही सांगते. तू प्रत पाठवलीस म्हणून कळलं. ते खरंच बोलले गं, ते त्यांचं विमान नाही! फोटोतल्या विमानाचे पंख मागे झुकलेले आहेत आणि प्रत्येक इंजिनावर पंख्यांची जोडी आहे, एकामागे एक. ते टीयू-142. तेही गोव्यालाच आलं, 1988 मध्ये. पुढे तमिळनाडूत अरक्कोणमला गेलं आणि 2017 मध्ये निवृत्त झालं. ते उतरताना आमच्या मांडणीतली ताटं वाजायची. आयएल-38 चे पंख सरळ, इंजिनावर एकच पंखा आणि शेपटीमागे लांब नांगीसारखी दांडी. माणसाने एवढी वर्षं ज्याच्या पोटात बसून काढली, ते विमान 31 ऑक्टोबर 2023 ला गोव्यात कायमचं जमिनीवर आलं, आणि घरच्यांनी कौतुकाने छापलं दुसऱ्याचंच. दार लावून घेतलं ते फार सभ्यपणे घेतलं असं माझं मत आहे.

तुझी मेहनत खोटी नाही. पण चाळीस माणसं, माइक, शाल-श्रीफळ, मुलाचं भाषण, हे सगळं तुला हवं आहे. त्यांना एक माणूस हवा आहे.

तेव्हा आज संध्याकाळी एवढंच कर. चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या खोलीत जा. कार्यक्रमाचं नाव काढू नकोस. म्हण, "बाबा, लँडलाइन बंद केली ती माझी चूक झाली. एक तारखेला फोन करायचे ते कोण?" आणि मग गप्प बस. ते लगेच बोलणार नाहीत. तू उठायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, चहा गार झाला तरी चालेल.

नाव मिळालं की मग तुझे ते चाळीस जण कामाला लाव. इतक्या जणांत एकाला तरी त्या माणसाचा ठावठिकाणा माहीत असेल. नंबर हाती आला की सासऱ्यांच्या मोबाइलवरून लाव, फोन त्यांच्या हातात दे आणि दार ओढून बाहेर ये. दाराला कान लावू नकोस.

तो माणूस राहिला नसेल, तर तेही त्यांना सांग. लपवायचं नाही. त्यांना अशा बातम्या ऐकायची सवय तुझ्यापेक्षा जास्त आहे. असेल, आणि गोव्याकडेच कुठे असेल, तर मांडवी एक्स्प्रेस सकाळी ठाण्याला थांबते. दोन तिकिटं काढ, एक त्यांचं आणि एक तुझ्या नवऱ्याचं. पत्रात त्याचा उल्लेख एकदाही नाही, वडील त्याचे आहेत ना?

हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला तर बुडू दे. पत्रिका मात्र आजच थांबव.