गोव्यात नद्या भरलेल्या दिसतात, मग काठावरची शेते उन्हाळ्यात कोरडी का? शेतकरी नदीचे पाणी वापरतात तरी कसे?

आपण पणजीच्या आसपासची मांडवी पाहून हा प्रश्न विचारलेला दिसतो. तेथे जी नदी दिसते, ती प्रत्यक्षात खाडी आहे. उतार अगदी कमी असल्यामुळे उन्हाळ्यात भरतीचा जोर मांडवीतून थेट गांजेपर्यंत, तर जुवारीतून सावर्ड्यापर्यंत जाणवतो आणि खालच्या पट्ट्यातले पाणी खारे होते. ते पंपाने उपसून भाताला दिले, तर पीक तर जातेच, शिवाय जमीनही बिघडते.

म्हणूनच खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, शेतकऱ्याचा सारा खटाटोप नदीला बाहेर ठेवण्यासाठी असतो. बांधात बसवलेल्या मानशीची, म्हणजे पाण्याची ये-जा राखणाऱ्या झडपेची, लाकडी दारे भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाचे गोडे पाणी आधी जमिनीतला खार धुऊन काढते, त्यानंतरच कोरगुटासारखे खार सोसणारे भात तेथे पेरता येते. हे बांध राखण्याची जबाबदारी पूर्वापार गांवकरीकडे, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेकडे होती, जिच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ साली लिहून काढल्या. आता अनेक ठिकाणी मानशीकडे शेतीपेक्षा मासळीसाठीच अधिक लक्ष दिले जाते, हे मला पटत नाही.

गोड्या पाण्याची खरी शेती सत्तरी, सांगे, फोंडा, काणकोण या वरच्या भागांत पाहावी. आमच्या सत्तरीकडे दगडमातीचा लहानसा बांध घालून ओहोळाचे पाणी पाटाने कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, आणतात. ज्याची पाळी असेल तो कुदळीने पाटाची कड फोडतो, पोफळींची आळी एकामागून एक भरू देतो आणि मातीचे ढेकूळ परत जागच्या जागी लावून पाणी शेजाऱ्याकडे सोडतो. आता बऱ्याच बागांत नदीकाठी विजेचा पंप आणि बागेत तुषार सिंचन आले आहे. पाणी कमी लागते आणि रात्रीची जागरणेही वाचतात, पण वीज गेली की सगळेच अडते.

मोठ्या प्रमाणावर पाणी मिळते ते धरणांच्या कालव्यांतून. दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरणाचे पाणी पेडणे, डिचोली व बार्देशकडे, तर साळावलीचे सांगे-केप्याकडे जाते. कालव्याच्या पाण्यावर पावसाळी भातानंतर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भातपीकही घेता येते, मात्र कालवा जवळून गेला तरी उंचावरच्या शेतात पाणी आपोआप चढत नाही.

नदीवर ठिकठिकाणी बांधलेले बंधारे मला लहान शेतकऱ्याला सर्वांत उपयोगी वाटतात. पावसाळा ओसरला की त्यांच्या गाळ्यांत फळ्या घालून पाणी अडवतात, त्यामुळे पंपांना पाणी मिळते आणि आसपासच्या विहिरींची पातळीही टिकते. या फळ्या मेअखेरपर्यंत काढाव्याच लागतात, अन्यथा पहिल्याच पुरात वाहून आलेले ओंडके तेथे अडकतात आणि तुंबलेले पाणी लगतच्या बागायतीत शिरते.