शेतकरी कंपनी, बचत गट आणि मेसवाले एकत्र येऊन इथलाच माल इथे विकणार असतील, तर सांगलीत अनुदान मिळतं का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: जत भागातली शेतकरी उत्पादक कंपनी, गावातला महिला बचत गट आणि सांगली-मिरजेतले मेसवाले यांची मोट बांधून शाळूचं (म्हणजे रब्बी ज्वारीचं) पीठ, हळद पावडर, डाळी जवळच्या जवळ विकायच्या आहेत. अमेरिकेत अशा भागीदारीला सरकार पैसे देतं असं तुम्ही वाचलंय, मग आपल्याकडे काय आहे? मी शेतकरी कंपन्यांचे हिशेब आणि बँकेला द्यायचे प्रकल्प अहवाल करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पैसे मिळतात, पण तीन-चार खिडक्यांवर तुकड्यातुकड्यानं. आणि मशिनला मिळतात तेवढे माणसांना एकत्र धरून ठेवायला मिळत नाहीत.

तुम्ही वाचलेली योजना बहुधा रीजनल फूड सिस्टम पार्टनरशिप्स असावी. २०१८ च्या फार्म बिलातून, म्हणजे तिथल्या शेती कायद्यातून, ती आली आणि तिथलं कृषी खातं चालवतं. एकट्यादुकट्याचा अर्ज चालत नाही, भागीदारीच लागते, आणि मागितलेल्या रकमेच्या २५ टक्के वाटा भागीदारांनी घालायचा असतो. तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे नुसतं नियोजन करायलाही तिच्यात पैसे आहेत. बैठका घेणं, बाजार धुंडाळणं, कोण कुणाला काय पुरवणार हे ठरवणं, हे सगळं खर्चात धरतात. अर्थात ती तिथल्या संस्थांसाठी आहे, इथून अर्ज करता येत नाही. ‘परदेशी अनुदान मिळवून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणारे फोनवर भेटतील, त्यांच्या नादाला लागू नका.

आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी म्हणजे राज्याचा स्मार्ट प्रकल्प, पूर्ण नाव बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. जागतिक बँकेच्या साहाय्यानं तो २०२० मध्ये सुरू झाला. शेतकऱ्यांची संस्था आणि खरेदीदार यांना जोडून देणं हाच त्याचा गाभा आहे आणि मंजूर प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. नवे अर्ज घेणं चालू आहे का, एवढं आधी जिल्ह्याच्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात विचारून या. बंद असेल तर त्याच्या भरवशावर बसू नका.

दुसरी खिडकी पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, तीही २०२० चीच. वैयक्तिक उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. शेतकरी कंपनी, बचत गट, सहकारी संस्था यांना सामाईक सुविधेसाठीही ३५ टक्केच, पण मर्यादा ३ कोटींची. किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात, बाकी बँकेचं कर्ज. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांचा हिशेब इथंच गडबडतो. समजा सगळा खर्च १२ लाख आहे. तुमचे १ लाख २० हजार, बँकेचे १० लाख ८० हजार. अनुदान बसतं ४ लाख २० हजार, पण ते हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यावर पडून राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, खातं थकलेलं नसेल आणि उद्योग चालू असेल तर, कर्जात वळतं होतं. म्हणजे ‘अनुदान आलं की शेतकऱ्यांचे देऊ’ असं कुणी बैठकीत म्हणालं, तर त्याला तिथंच थांबवा.

या योजनेत अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नाही. नावं जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळतील. बचत गटातल्या अन्न प्रक्रिया करणाऱ्या बायकांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही याच योजनेत आहे, आणि ते लहान अवजारांना आणि खेळत्या भांडवलाला चालतं. त्याची चौकशी ‘उमेद’च्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात करा. माझ्या मते तुमच्या गटानं सुरुवात इथूनच करावी.

आता मशिनबद्दल. आपल्याकडे अनुदान म्हटलं की आधी पत्र्याचं शेड डोळ्यांपुढं येतं, मग त्या शेडमध्ये काय ठेवायचं ते सुचतं. माझ्याकडं येणाऱ्या अहवालांत पाऊच पॅकिंग मशीन हमखास असतं. तुमचं गिऱ्हाईक मेसवाला आहे ना? मग तो २०० ग्रॅमचा पाऊच कशाला घेईल? त्याला पीठ गोणीत हवं आणि हळद पाच किलोच्या पिशवीत. शाळूच्या पिठाची तर आणखी एक गंमत आहे. दळून ठेवलं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना काठ चिरतात आणि मेसमधली भाकरी करणारी मावशी दुसऱ्याच दिवशी पोतं परत पाठवते. तिला तुमच्या ब्रँडशी काही घेणंदेणं नाही. म्हणजे तुम्हाला आठवड्याला ताजं दळून द्यायचंय. मोठ्या क्षमतेची गिरणी एका दिवसात आठवड्याचं काम उरकेल आणि बाकी दिवस हप्ता भरत उभी राहील. दोन लहान गिरण्या घ्या, एक बिघडली तरी पुरवठा तुटत नाही.

हळदीचं उलट आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मेसवाला मानांकनाचे जादा पैसे देणार नाही. तो भाव बघेल. ती हळद मानांकनासकट घरगुती गिऱ्हाईकाला विका. मेसला कणी आणि लहान हळकुंडांची, पण शुद्ध, पावडर द्या.

आणि खरी अडचण येते ती उधारीची. शेतकऱ्याला पैसे माप झाल्याबरोबर हवेत, कारण आडत्याकडं त्याला उचल मिळते. मेसवाला महिन्यानं देतो, कारण त्याची पोरं महिन्यानं पैसे देतात. समजा आठवड्याला एक टन पीठ गेलं आणि ५० रुपये किलोनं धरलं, तर आठवड्याचे ५० हजार. महिनाभरात २ लाख रुपये मेसवाल्यांच्या वहीत. शिवाय शाळू वर्षातून एकदाच येतो, तो भरून ठेवायला वेगळे पैसे. मशिनच्या अनुदानातून यातला रुपयाही भागत नाही. चालत्या कंपन्या मी इथंच अडखळताना बघितल्यात, बरं यंत्रं मात्र सगळी झाकून नीट ठेवलेली.

म्हणून विचारा की तुमची कंपनी १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या केंद्रीय योजनेत नोंदलेली आहे का. असेल तर तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चाला १८ लाखांपर्यंत मिळू शकतात. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि हिशेबनीस यांचे पगार त्यातून निघतात. समन्वय करणाऱ्या माणसाला पगार देणारी अशी योजना आपल्याकडे विरळाच. दुसरं म्हणजे समभाग अनुदान. सभासदानं भरलेल्या भागभांडवलाइतकीच रक्कम, दर शेतकऱ्यामागं २ हजारांपर्यंत आणि एका कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख. तीनशे सभासदांनी दोन-दोन हजार भरले तर त्यांचे ६ लाख आणि सरकारचे ६ लाख. हा पैसा कंपनीच्या भांडवलात बसतो, त्यामुळं माल घेऊन ठेवायला आधार होतो. शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेऊन कंपनी काढली असेल तर आधी भागभांडवल वाढवा, मग मशिनकडं वळा.

गोदाम बांधायचंच असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधी बघा. ते अनुदान नाही, २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत आहे.

अर्ज कुणाच्या नावानं करायचा हेही तुम्ही विचारलंय. उत्पादक कंपनीचे सभासद फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्था होऊ शकतात, त्यामुळं मेसवाल्यांना भागधारक करता येणार नाही. त्यांच्याशी खरेदीचा करार करा. यंत्रं कंपनीच्या नावावर असू द्या, दळण-पॅकिंगचं काम गटाला किलोमागं ठरवून द्या. करारात दर कसा ठरणार (बाजार समितीचा त्या आठवड्याचा भाव अधिक दळणावळ, असं काहीतरी), माल परत करायची मुदत आणि पैसे किती दिवसांत, एवढं तरी लिहा. सुरुवातीला दोनच मेस घ्या आणि तिसऱ्या महिन्याची वसुली बघूनच बँकेत जा. मॅनेजर अहवालाच्या आधी कंपनीच्या खात्याचा उतारा मागतो.