कॉरिडॉर, लॉबी, आइल, हॉलवे: मराठी अर्थ सोड, दोन्ही बाजूला काय आहे ते बघ

आधी अभिनंदन. रामदासपेठेत हॉस्पिटलच्या रिसेप्शनला लागलीस म्हणजे दिवसातून शंभरदा कोणीतरी विचारणार, एक्स-रे कुठे, लॅब कुठे, आणि त्यातले काही इंग्रजीतूनच विचारणार. तू लिहिलंस की कॉरिडॉर, पॅसेज, लॉबी, हॉलवे, आइल, गॅलरी या सगळ्यांना आपण घरी पॅसेजच म्हणतो, डिक्शनरीतही फिरून फिरून "मार्गिका" नाहीतर "बोळ" निघून राहिलं, मग कुठे काय म्हणायचं. मी बरीच वर्षं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला काढली, आता स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, आणि हा प्रश्न दर बॅचला येतोच, म्हणून जरा लांबण लावते.

डिक्शनरी थोडा वेळ बंद ठेव. इंग्रजीत ये-जा करायच्या जागेला नाव देताना ती किती लांब, किती रुंद यापेक्षा तिच्या दोन्ही बाजूला काय आहे ते जास्त बघतात. बाजूला खोल्यांची दारं असली की कॉरिडॉर. बाजूला खुर्च्यांच्या रांगा नाहीतर सामानाचे रॅक असले की आइल. दोन इमारतींच्या भिंती आणि वर आभाळ असलं, म्हणजे महाल-इतवारीत दोन घरांमधून स्कूटर कशीबशी निघते तसली जागा, की ॲली. वरून छत आणि बाजूने दुकानं असली की आर्केड (आपल्याकडे बिल्डर कोणत्याही कॉम्प्लेक्सला आर्केड नाव देऊन मोकळे होतात ते सोड). चारही बाजूंनी माती नाहीतर खडक असला की टनेल. आणि पॅसेज किंवा पॅसेजवे हा सगळ्यात ढिला शब्द, कुठेही चालतो, पण उच्चार "पॅसिज"च्या जवळ जातो, शेवटचा "सेज" आपण दाबून म्हणतो तसा नाही.

लॉबी आणि फॉयर या दोन्ही जागा जाण्याच्या नाहीत, थांबायच्या आहेत. मुख्य दारातून आत आल्यावर सोफे, काउंटर, लिफ्ट असते ती लॉबी. तुझं टेबल लॉबीत आहे, आणि तिथून आत ओपीडीच्या खोल्यांकडे जातो तो कॉरिडॉर. नागपुरात फ्लॅटच्या जाहिरातीत दोन बेडरूमच्या मधल्या चार फुटांनाही लॉबी लिहितात, ती सवय कामावर आणू नको, कारण "प्लीज वेट इन द लॉबी" ऐकून बाहेरून आलेला माणूस सरळ मुख्य दारापाशी जाऊन बसेल आणि तू त्याला डॉक्टरांच्या खोलीबाहेर शोधत राहशील. फॉयर म्हणजे थेटर किंवा हॉटेलची तशीच पुढची जागा, ब्रिटिश लोक तिला "फॉयए" म्हणतात, अमेरिकन "फॉयर".

लॉबीवरून एक आठवलं, डिसेंबरात विधानभवनात अधिवेशन असतं तेव्हा पेपरात "लॉबिंग" शब्द फार येतो. तो याच लॉबीतून आला, सभागृहाबाहेरच्या लॉबीत सदस्यांना गाठून आपलं म्हणणं पटवायचं. ब्रिटिश पार्लमेंटात तर मतदानच लॉबीतून चालत जाऊन होतं, हो म्हणणाऱ्यांची लॉबी वेगळी, नाही म्हणणाऱ्यांची वेगळी.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द, हॉल. आपलं डोकं टू बीएचकेने घडलेलं, त्यामुळे हॉल म्हणजे टीव्ही, सोफा, पाहुणे. पण इंग्लंडच्या घरात हॉल म्हणजे दार उघडल्यावरची ती अरुंद जागा जिथे कोट टांगतात, जिना वर जातो आणि बाकी खोल्यांची दारं उघडतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातली देवडी आठव, तिच्या जवळचं काहीतरी. सोफ्याची खोली त्यांच्याकडे लिव्हिंग रूम किंवा सिटिंग रूम. म्हणून "आय लेफ्ट माय बॅग इन द हॉल" असं कोणी म्हणालं तर बॅग सोफ्यावर शोधायची नाही, दाराशी शोधायची. अमेरिकेत हॉल आणि हॉलवे दोन्ही सर्रास कॉरिडॉरच्या अर्थाने चालतात, शाळेतला कॉरिडॉर हॉल, हॉस्पिटलमधला हॉलवे. जागा नाही म्हणून पेशंटला खोलीबाहेर ट्रॉलीवर ठेवून उपचार करावे लागतात त्याला ब्रिटनमध्ये कॉरिडॉर केअर म्हणतात आणि कॅनडात हॉलवे मेडिसिन, म्हणजे दुखणं एकच, फक्त देशाप्रमाणे शब्द बदलला. तू कॉरिडॉर म्हण, भारतात तोच रुळलेला आहे आणि दोन्हीकडच्यांना समजतो. फक्त कोणी हॉलवे म्हणालं तर गडबडू नको.

आणि यातच "डाउन" येतो. "इज द वॉशरूम डाउन द हॉल?" असं अमेरिकेहून आजीला बघायला आलेल्या नातवाने विचारलं तर त्याला खालच्या मजल्यावर पाठवायचं नाही. डाउन द हॉल, डाउन द कॉरिडॉर म्हणजे याच मजल्यावर, इथूनच पुढे सरळ. खाली जायचं असेल तर डाउनस्टेअर्स म्हणतात. "अलाँग द कॉरिडॉर" म्हणजेही तेच, जरा पुस्तकी वाटतं एवढंच. "अक्रॉस द कॉरिडॉर" म्हणजे समोरच्या बाजूचं दार. "ॲट द एंड ऑफ द कॉरिडॉर" म्हणजे अगदी टोकाला. एवढे चार तुकडे तोंडात बसले की तुझं निम्मं काम झालं, बाकी फर्स्ट लेफ्ट, थर्ड डोअर ऑन युवर राइट जोडत जायचं. उभं राहण्या-थांबण्याला कॉरिडॉर, लॉबी, आइल सगळ्यांबरोबर "इन" लागतं, फूटपाथ आणि जिन्याबरोबर मात्र "ऑन", ऑन द फूटपाथ, ऑन द स्टेअर्स.

आइल. स्पेलिंगमध्ये एस आहे पण तो बोलायचा नाही, "आयसल" नाही, "आइल", तोंडातून आय विल पटकन निघतं तसं. मुळात हा फ्रेंचमधला पंख या अर्थाचा शब्द, त्यात एस नव्हताच, बेटाच्या आइलशी गल्लत होऊन तो घुसला. चर्चमध्ये खांबांच्या रांगेपलीकडची बाजूची जागा म्हणजे आइल आणि मधला मोठा भाग म्हणजे नेव्ह. कार्ल्याला किंवा अजिंठ्याच्या चैत्यगृहात गेली असशील तर खांब आणि भिंत यांच्यामधून स्तूपामागे फिरून येतो ना, इंग्रजी गाइडबुकात त्यालाही आइलच लिहिलेलं असतं. रोजच्या बोलण्यात मात्र आइल म्हणजे थेटरात, विमानात, बसमध्ये सीटच्या रांगांमधून चालायची जागा, आणि सुपरमार्केटात रॅकच्या मधली. विमानात विंडो की आइल हे त्यातूनच. ट्रेनमध्ये साइड लोअर आणि बाकीच्या सहा बर्थच्या मधून चहावाला जातो तेही आइलच. तुझ्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डात दोन रांगांत बेड असतील तर मधल्या जागेला आइल म्हटलं तरी चुकत नाही, पण लोक सरळ "बिट्वीन द बेड्स" म्हणतात, तेच बरं. "वॉक डाउन द आइल" म्हणजे लग्न करणं, त्यामुळे पेशंटला वाट दाखवताना हे वाक्य वापरू नको, लोक हसतील. अमेरिकेच्या संसदेत दोन पक्ष मधल्या आइलच्या दोन बाजूंना बसतात, म्हणून बातम्यांत "अक्रॉस द आइल" आलं की विरोधी पक्षाशी हातमिळवणी समजायची. ब्रिटनमध्ये त्याच्या जवळचा वाक्प्रचार "क्रॉस द फ्लोर", पण तो पक्षाविरुद्ध मत देणं किंवा पक्षच बदलणं, गल्लत करू नको.

गॅलरीचं थोडक्यात. आपण गॅलरीत कपडे वाळत घालतो, इंग्रज ते बाल्कनीत घालतो. त्याच्याकडे गॅलरी म्हणजे चित्रांचं दालन, सभागृहातली वरची प्रेक्षकांची बैठक, किंवा एक अर्थ आपल्या भागात कामाचा, खाणीतला जमिनीखालचा रस्ता. सावनेरकडे कोळशाच्या भूमिगत खाणीत काम करणाऱ्याला विचार, तो गॅलरी कोणत्या अर्थाने म्हणतो ते.

सबवे. आपण आणि ब्रिटिश दोघंही रस्त्याखालून पायी जायच्या वाटेला सबवे म्हणतो, अमेरिकनला मात्र सबवे म्हणजे जमिनीखालची ट्रेन. गंमत म्हणजे ग्लासगो ब्रिटनमध्ये असूनही तिथे 1896 पासून सबवे म्हणजे ट्रेनच आहे. गाड्या जातात तो अंडरपास, नरेंद्रनगरला आहे तसा, जोराच्या पावसात तुंबतो तो.

तू व्हेस्टिब्यूलही विचारलं होतंस. आपल्या रेल्वेत एका डब्यातून दुसऱ्यात जायचा तो हलणारा जोड म्हणजे व्हेस्टिब्यूल. ब्रिटिश रेल्वेत त्या जोडाला गँगवे म्हणतात आणि व्हेस्टिब्यूल म्हणजे डब्याच्या दाराजवळची उभं राहायची जागा. इमारतीत मात्र बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामधली छोटी जागा. तुमच्या मेन गेटला दोन काचेची दारं एकामागे एक असतील तर मधला तो तुकडा, पण पेशंटला हा शब्द सांगायच्या भानगडीत पडूच नको.

मेट्रोचा कॉरिडॉर, वाघाचा कॉरिडॉर हे वरच्या नियमात का बसत नाहीत असं विचारशील, कारण क्लासमध्ये पोट्टे विचारतातच. तिथे बाजू महत्त्वाच्या नाहीत, दोन टोकं महत्त्वाची. नागपूर मेट्रोचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन कॉरिडॉर आहेत आणि ते बर्डीला एकमेकांना छेदतात, तिथे कॉरिडॉर म्हणजे कुठून कुठे जोडलं ते. कान्हा-पेंच कॉरिडॉर म्हणजे दोन व्याघ्रप्रकल्पांमधला जंगलाचा पट्टा, आणि त्यातून जाणाऱ्या जबलपूर रोडवर, म्हणजे एनएच 44 वर, जनावरांसाठी बांधलेत ते अंडरपास. बघ, एकाच ठिकाणी दोन्ही शब्द आले, अख्खा पट्टा कॉरिडॉर आणि रस्त्याखालची वाट अंडरपास.

उद्यापासून वापरायला वाक्यं: "गो स्ट्रेट डाउन धिस कॉरिडॉर, द लॅब इज द थर्ड डोअर ऑन युवर लेफ्ट." "प्लीज टेक अ सीट इन द लॉबी, वी विल कॉल युवर नेम." "द फार्मसी इज जस्ट अक्रॉस द कॉरिडॉर." आणि नातेवाईक स्ट्रेचरच्या वाटेत घोळका करून उभे राहिले तर "कुड यू प्लीज कीप द कॉरिडॉर क्लिअर?", यात कुड यू सोडू नको, नाहीतर तेच वाक्य दरडावल्यासारखं वाटतं. तुमच्या तळमजल्यावर कुठे काय आहे ते इथे लिहिलंस तर प्रत्येक जागेची वाक्यं करून देते.