ईआरजी तपासणी (फ्लॅशच्या उजेडाला डोळ्याचा पडदा देतो तो विजेचा प्रतिसाद आलेखात मोजणारी) डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब न टाकता होते का? (मुलाला रातांधळेपणाची शंका, अमळनेरहून जळगावला मोटारसायकलवर न्यायचं आहे)

होते, पण रातांधळेपणासाठी थेंब टाकूनच करा. मी जळगावात ऑप्टोमेट्रिस्ट (नेत्रतपासणी तज्ज्ञ) आहे, हे माझं रोजचं काम आहे. बाहुली 2 मिलिमीटरची 8 झाली की पडद्यावर पोचणारा उजेड सोळापट होतो, कारण तो क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून बाहुली लहान-मोठी असली की आलेख खालीवर होतात आणि पडदा खराब आहे की उजेडच कमी पोचला, हे कळत नाही. हातात धरायची काही यंत्रं बाहुली मोजून तेवढा फ्लॅश वाढवतात. चुळबुळ्या पोरांना ती बरी. तरी अंधारात काम करणाऱ्या पेशी तपासायच्या तर मोठी बाहुली आणि निदान 20 मिनिटं पूर्ण अंधार, हीच नेहमीची पद्धत.

- पडद्याचा फोटो ईआरजीच्या आधी काढू देऊ नका, त्या झगझगाटाने आलेख बिघडतो.
- थेंबांनी चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. वैशाखात तर गॉगल, टोपी न्याच, आणि गाडीवर त्याला मागे बसवा.