'जुना करार' मधला करार कसला, आणि जुना म्हणजे रद्द झालेला का?

प्रश्न असा आलाय की बायबलच्या दोन भागांना आपण 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो, तर हा करार भाडेकरारातलाच का, आणि तसं असेल तर नवा झाला म्हणजे जुना आपोआप रद्द असं समजायचं का.

शब्द तोच आहे, अरबीतून आलेला आपला रोजचा करार. गुजराती आणि कोकणीतही हाच चालतो, हिंदीत 'पुराना नियम' म्हणतात, उर्दूत 'अहदनामा'. मला मराठीचा शब्द हिंदीपेक्षा जास्त बरोबर वाटतो, कारण नियम म्हटलं की कायद्याची यादी डोळ्यासमोर येते आणि मूळ हिब्रू शब्द 'बरीथ' हा दोन पक्षांनी एकमेकांना बांधून घेण्याचा आहे. हिब्रूत तर करार 'करत' नाहीत, 'कापतात'. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात बघा, अब्राम (पुढचा अब्राहाम) कालवड, बकरी आणि मेंढा मधोमध चिरतो, अर्धुकं समोरासमोर मांडतो, वरून गिधाडं झेपावतात त्यांना हाकलतो, आणि सूर्य मावळून काळोख झाल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात माणसं अशीच चिरलेल्या वासराच्या मधून चालत गेलीत आणि नंतर शब्द मोडलाय, तेव्हा त्यांची गत त्या वासरासारखी होईल असं त्यांना ऐकवलंय. म्हणजे करार ही जिवावरची शपथ, 11 महिन्यांनी रिन्यू करायचा कागद नाही.

मग इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ज्यू लोकांनी इसवी सनाआधीच या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर केलं. ग्रीकमध्ये दोन बरोबरीच्या पक्षांतल्या करारासाठी 'सिन्थेके' हा शब्द होता, पण त्यांनी घेतला 'दियाथेके', ज्याचा रोजच्या ग्रीकमधला अर्थ मृत्युपत्र, कारण इथे अटी ठरवणारा देव एकटाच. ख्रिस्ती लेखकांनी हाच शब्द उचलला, लॅटिनमध्ये त्याचं 'टेस्टामेंटुम' झालं आणि तिथून इंग्रजीतलं टेस्टामेंट. नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्रा'च्या 9व्या अध्यायात तर लेखक सरळ म्हणतो की मृत्युपत्र ते करणारा मेल्याशिवाय लागू होत नाही, आणि हा युक्तिवाद फक्त ग्रीकमध्येच जमतो, हिब्रूत बरीथवर तो चालणारच नाही.

आता 'नवा'. मला या चर्चेत सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की 'नवा करार' हा शब्दप्रयोगच ज्यूंचा आहे. यिर्मयाच्या 31व्या अध्यायात देव म्हणतो की इस्राएल आणि यहूदाच्या घराण्यांशी मी नवा करार करीन आणि माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. बघा, नियमशास्त्र तेच आहे, लिहायची जागा बदललीये. आणि ख्रिस्ती लोकांच्या आधीही हे शब्द वापरात होते, मृत समुद्राकाठी कुमरानला ज्या संप्रदायाची हस्तलिखितं सापडली त्यांच्या 'दमास्कस दस्तऐवजा'त दमास्कसच्या देशात नवा करार केलेल्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणजे ज्यू धर्माच्या आतच एक गट स्वतःला नव्या करारातला म्हणवत होता. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने इसवी सन 50च्या दशकात ग्रीसमधल्या करिंथकरांना लिहिलं की शेवटच्या भोजनात येशू प्याल्याला 'माझ्या रक्तातला नवा करार' म्हणाला, तेव्हा बोलणारा, लिहिणारा दोघंही ज्यूच, आणि ते रक्तही निर्गमच्या 24व्या अध्यायातलं, जिथे मोशे लोकांवर कराराचं रक्त शिंपडतो.

म्हणून पौल 'शास्त्र' म्हणतो तेव्हा त्याला ज्यूंचेच ग्रंथ अभिप्रेत असतात, 'नवा करार' नावाचं पुस्तक तेव्हा नव्हतंच. मात्र 'जुना करार' वाचला जाण्याचा उल्लेख पौलाच्याच पत्रात येतो, आणि इब्री लोकांस पत्राचा लेखक यिर्मयाचा तो सगळा उतारा देऊन पुढे म्हणतो की नवा म्हटल्याने पहिला जुना ठरला आणि जीर्ण होणारं नाहीसं व्हायच्या बेतात आहे. तेव्हा रद्द झाल्याचा अर्थ कुणी बाहेरून घुसडला असंही म्हणता येत नाही, त्याची सुरुवात नव्या करारातच आहे. पुस्तकांच्या यादीला 'जुना करार' हे नाव साधारण इसवी सन 170च्या सुमारास सार्दिसचा बिशप मेलितो याच्याकडे दिसतं.

ज्यू लोक मात्र 'जुना' म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी ती 'तनाख', म्हणजे तोरा (नियमशास्त्र), नेविईम (संदेष्टे), केतुविम (लेख) यांची आद्याक्षरं. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, माणसाला तुमचा जुना करार म्हणणं म्हणूनच खटकेल. प्रोटेस्टंट बायबलात ग्रंथ तेच (कॅथलिक बायबलात काही जास्त) पण क्रम वेगळा, ख्रिस्ती मांडणी मलाखीवर संपते आणि पुढे मत्तय सुरू होतो, तनाख इतिहासाच्या पुस्तकावर, पर्शियाचा राजा कोरेश याच्या यरुशलेमला परत जायच्या हुकमावर. ख्रिस्ती संदर्भात लिहिताना 'जुना करार' लिहा, ज्यू धर्माबद्दल लिहिताना 'तनाख' किंवा 'हिब्रू बायबल'.